गेक्कानचं विसावं वर्ष

३ सप्टेंबर

हॉल मिळाला. २३ नोव्हेंबर, सुट्टीचा दिवस, दुपारी चार वाजता. तीन हजार खुर्च्या. आणि आमच्या मागे अडतीस जणांचा खराखुरा वाद्यवृंद! वीस वर्षं आम्ही व्हायोलिनं, तुताऱ्या, घंटा, सगळं कंप्युटरमधून वाजवत आलो. सहा वर्षांपूर्वी बास गिटारवाला सोडून गेला, तेव्हापासून तीही कंप्युटरच वाजवतो. आता खरी माणसं खऱ्या तारा ओढतील, आणि त्यांच्यासमोरचा प्रत्येक सूर मी लिहिलेला असेल.

सकाळी आईला फोन केला. आमच्या बँडचं नाव गेक्कान, म्हणजे चंद्राची शवपेटी, पण त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे मासिक. मुलगा कुठल्याशा मासिकात आहे, असं ती शेजारणींना अजून सांगते. "पान वाढवून मिळालं का?" म्हणाली. हो म्हटलं.

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. या तीन महिन्यांची नोंद कोणीतरी ठेवायला हवी, आणि मित्सुरु नि काजितानी दोघंही दोन ओळी धड लिहीत नाहीत.

९ सप्टेंबर

चाहत्यांबरोबर फोटो काढण्याचा कार्यक्रम. तीन तास. ओकायामाहून सतरा वर्षं येणाऱ्या एक बाई आहेत, आता केस पांढरे झालेत त्यांचे. त्यांनी मित्सुरुचा हात धरला आणि म्हणाल्या, "कागुया-सामा, घसा सांभाळा हो." मित्सुरुने नेहमीप्रमाणे फक्त मान झुकवली.

कागुया, म्हणजे स्टेजवरचा मित्सुरु, बोलत नाही. हा नियम मी पहिल्याच वर्षी केला. मित्सुरु आणि मी अमागासाकीचे, एकाच शाळेतले. तो गायला लागला की अंगावर काटा यायचा, पण बोलायला लागला की मासळीबाजार. शवपेटीतून उठलेला राजपुत्र "अरे ए, काय म्हणतोस, जेवलास का?" म्हणाला तर झालंच. तेव्हापासून मुलाखती मी देतो, स्टेजवरचे विनोद ड्रमवरचा काजितानी करतो, आणि कागुया फक्त गातो. चाहत्यांना तेच आवडतं. मित्सुरुचा घसा हल्ली बसतो, हे त्या बाईंना कसं कळलं, ते मात्र समजलं नाही. आमच्यातही कोणी काही बोललेलं नाही.

१४ सप्टेंबर

मित्सुरुबरोबर डॉक्टरकडे गेलो. मीच जाऊ म्हटलं, कारण तो एकटा गेला तर अर्धं विसरतो. उजव्या स्वरतंतूवर गाठ आहे. पडद्यावर दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी.

"महिन्याभरात ऑपरेशन करा," डॉक्टर म्हणाले. "तोवर गाणं बंद. उंच सूर तर अजिबात नको. नंतर आवाज परत येईल, पण हाच येईल असं मी सांगणार नाही."

मी विचारलं, "चोवीस नोव्हेंबरला केलं तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता मित्सुरुकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मित्सुरु म्हणाला, "याला विचारा."

वीस वर्षांचा विश्वास आहे, दुसरं काय.

१६ सप्टेंबर

मार्ग सापडला. आमच्याकडे प्रत्येक गाण्याची मूळ रेकॉर्डिंग आहेत. मित्सुरुचा दहा वर्षांपूर्वीचा आवाज, ऐन बहरातला. तो कार्यक्रमात वाजवायचा. मित्सुरुने फक्त तोंड हलवायचं. घसा वाचेल, ऑपरेशन पुढे ढकलायला हरकत नाही, कार्यक्रम होईल. आमचे कार्यक्रम करणाऱ्या कंपनीच्या आरिमाबाईंना सांगितलं. त्या ताबडतोब म्हणाल्या, "अगदी योग्य, एइजीसान. हे त्यांच्या भल्याचंच आहे."

मित्सुरुला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना?"

"मला फारच बरं वाटतंय."

"मग ठीक आहे."

समजूतदार आहे तो.

२८ सप्टेंबर

दोन आठवडे आवाज निवडण्यात गेले. एकेका गाण्याचे चाळीस-चाळीस प्रयत्न. त्या काळात मी किती काटेकोर होतो! त्रास एकच: प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मित्सुरु काहीतरी बोललाय. "एइजी, हे एक पट्टी खाली घेऊ या का?" "एइजी, आज पुरे?" "एइजी, ऐकतोयस?" आणि माझा आवाज, "पुन्हा." हे सगळं कापावं लागतं, नाहीतर हॉलमध्ये ऐकू जाईल. कापायलाच चार दिवस लागले. आवाज मात्र आता असा स्वच्छ झालाय की आसपास माणूस होता असं वाटू नये.

१० ऑक्टोबर

वाद्यवृंदाबरोबर पहिली तालीम. पहिला सूर आला तेव्हा मला पाठ फिरवून उभं राहावं लागलं. रडताना दिसणं बरं नाही.

शिबाहारासर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक, वयाने सत्तरीचे आणि भयंकर सभ्य. तालीम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक अडचण आहे. मी गाणाऱ्याचा श्वास बघून वाद्यवृंद चालवतो. इथे मी कोणाचा श्वास बघू?"

मी त्यांना कानातलं यंत्र दिलं. त्यात टकटक वाजत राहते, सगळ्यांनी त्या ठोक्यावर चालायचं. ते म्हणाले, "म्हणजे अडतीस माणसांनी एका घड्याळाच्या मागे जायचं."

"आवाज पक्का आहे, सर. त्याला हलवता येत नाही."

"हो. तेच म्हणतोय मी."

जुन्या वळणाची माणसं आहेत. होईल सवय.

२४ ऑक्टोबर

मित्सुरु तालमीला आला नाही. फोन उचलेना, म्हणून सरळ अमागासाकीला गेलो. तिथे त्याच्या थोरल्या भावाचं सार्वजनिक न्हाणीघर आहे, वडिलांपासूनचं. भावाचं कंबरेचं दुखणं वाढलंय, त्यामुळे मित्सुरु आठवड्यातले चार दिवस तिथेच असतो. वाफेने घसा मोकळा होतो म्हणे. दारातल्या उंच गल्ल्यावर बसून तो टॉवेल देत होता. मेकअप नाही, केस बांधलेले, गळ्याला पंचा. येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्या त्याला नावाने हाक मारत होत्या, आणि हा पठ्ठ्या घोगऱ्या आवाजात प्रत्येकीची चौकशी करत होता.

"डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय ना?" मी म्हटलं.

"गाऊ नको म्हटलंय."

"तालीम होती आज."

"तोंड उघडण्याची? ती मला येते रे." मग त्याने मला बाटलीतलं थंड कॉफीचं दूध दिलं आणि विचारलं, "एइजी, तू कधी थकतोस का?"

मी त्याला जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं नाव लिहून दिलं. त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

९ नोव्हेंबर

वेशभूषा आली. कागुयाचा झगा अकरा किलोंचा, मण्यांसकट. शवपेटीही नवी, आतून मखमल. दर कार्यक्रमात मित्सुरु तिच्यातूनच उठतो. सुरुवातीचं वाद्यसंगीत मी या वेळी नऊ मिनिटांचं लिहिलंय.

"नऊ?" मित्सुरु म्हणाला. "पूर्वी तीन होती."

"आता खरा वाद्यवृंद आहे."

"आणि मी तेवढा वेळ आत?"

"भोकं पाडलीत की."

काजितानी मागून म्हणाला, "लीडर, त्याला एक मासिक दे वाचायला." सगळे हसले. मित्सुरुही हसला. मग आत आडवा झाला, आणि झाकण लावून आम्ही नऊ मिनिटं मोजली. बाहेर आला तेव्हा झगा घामाने चिकटला होता. ठीक आहे म्हणाला.

२२ नोव्हेंबर

सगळं तयार. झोप येईलसं वाटत नाही. मित्सुरुचा निरोप आला, "उद्यानंतर बोलायचंय." मीही तेच म्हणणार होतो. पुढच्या वर्षाच्या दौऱ्याचं मला त्याला सांगायचंय.

२४ नोव्हेंबर

कालचं लिहितो. जमेल तसं.

नऊ मिनिटं अप्रतिम झाली. झाकण उघडलं, मित्सुरु उठला, तीन हजार बायका एका सुरात ओरडल्या. अकरा गाणी ठरल्याप्रमाणे. त्याचं तोंड, त्याचा हात, मान, सगळं आवाजाशी इतकं जुळत होतं की मलाही क्षणभर वाटलं, तोच गातोय.

बाराव्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी, तो स्टेजच्या अगदी कडेला गेला. माइक खाली केला. तोंड मिटलं. आणि नुसता उभा राहिला.

आवाज चालूच. तो सर्वात उंच सूर, ज्याच्यासाठी मी एके काळी त्याच्याकडून साठ वेळा गाऊन घेतलं होतं, तो सूर हॉलभर घुमत होता, आणि ज्याचा तो सूर, तो ओठ मिटून समोर बघत होता. संपलं, असं वाटलं. आता कोणीतरी ओरडणार, कोणीतरी हसणार.

कोणी ओरडलं नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. मग दुसरी. मग सगळा हॉल. त्यांना वाटलं, हे नाट्य आहे! राजपुत्र मेलाय आणि त्याचा आवाज मागे उरलाय, असं काहीतरी. वीस वर्षांत एवढ्या टाळ्या आम्ही ऐकल्या नव्हत्या.

मी गिटारवरचा माझा तुकडा वाजवला. एकही सूर चुकला नाही.

आत आलो तर मित्सुरु आरशासमोर बसून तोंड पुसत होता. मी म्हटलं, "घाबरवलंस की रे! पण काय परिणाम झाला! हे दौऱ्यात ठेवू या."

त्याने कापूस खाली ठेवला. "तुला कळलं नाही?"

"काय?"

"कोणालाच कळलं नाही," तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला. मग डोकं धुऊन, साध्या कपड्यांत, मागच्या दाराने गेला. दारात चाहत्यांची गर्दी होती. ती बाजूला होऊन त्याला वाट देत होती, कारण त्याला कोणी ओळखलंच नाही.

२६ नोव्हेंबर

सगळीकडे कौतुक. 'मौनाचं धाडस,' असं कोणीतरी लिहिलंय. मित्सुरु फोन उचलत नाही. त्याच्या भावाकडून कळलं की ऑपरेशन पाच डिसेंबरला आहे. तारीख त्यानेच ठरवली. तो गेक्कानमध्ये परत येणार नाही, हेही भावानेच सांगितलं. जणू उद्या दूध नको, असं सांगावं.

काजितानीला भेटलो, उदोनच्या जाड शेवया खायला. त्याला म्हटलं, असा अचानक कसा गेला?

तो वाडग्यात बघत म्हणाला, "लीडर, त्याने तोंड मिटलं तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, आता एइजी थांबेल."

"कार्यक्रम चालू होता."

"हो ना. मीही वाजवत राहिलो. तुला एकट्याला बोलत नाहीये." मग वाडगा उचलून सूप संपवलं. "मलाही जाऊ दे आता. बायकोच्या भावाचं रंगाचं दुकान आहे, ते बोलावतायत."

सगळ्यांना एकदमच कसं सुचतं कोण जाणे.

१ डिसेंबर

आरिमाबाईंकडे गेलो. बँड बंद करायची बातमी कशी द्यायची, ते ठरवायला. त्यांनी चहा मागवला, आणि मला करार दाखवला. दौरा विकला गेलाय. मार्च ते जून, चौदा गावं. कागुया हे नाव, वेश, सगळी रेकॉर्डिंग, सगळं कंपनीचं.

"त्या दिवशी तुम्हीच दाखवून दिलंत, एइजीसान," त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. "आवाज असला की पुरे. झग्यात कोण आहे, ते कोणाला कळतंय? आमच्याकडे एक मुलगा आहे, ओरिबे नावाचा. उंची तीच आहे."

मी विचार करतो म्हटलं.

खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. घरी येईपर्यंत मला ते पटलं होतं. चौदा गावं. माझं संगीत.

८ डिसेंबर

ओरिबेचा मेकअप करून बघितला. मुलगा म्हणतात, पण एकोणतीसचा आहे. त्याचा बँड गेल्या वर्षी मोडला. दोन तास लागले. मग खुर्ची फिरवली, आणि समोर मित्सुरु बसला होता. आजचा नव्हे, ज्याला मी पहिल्यांदा पांढरं फासलं होतं, तो.

"तोंड किती उघडू?" त्याने विचारलं.

मी त्याला दाखवलं. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "मी थोडं गाऊन दाखवू का? माझा आवाज."

"गरज नाही," मी म्हटलं.

घरी आल्यावर जेवलो नाही. असं काही विशेष झालेलं नाही. पण ते दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, याचा उगाच हिशेब करत बसलो.

११ डिसेंबर

दुपारी न्हाणीघरात गेलो. ऑपरेशन नीट झालंय. पंधरा तारखेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मित्सुरु गल्ल्यावर मुलांची पाटी घेऊन बसला होता. चुंबकाची, लिहून पुसता येते ती.

मी बोलत राहिलो. हॉलबद्दल, टाळ्यांबद्दल, आरिमाबाईंबद्दल, ओरिबेबद्दल. तू परत आलास तर हे काहीच करावं लागणार नाही, असंही म्हटलं. तो मधेच उठून एका आजीबाईंना साबण देऊन आला. मग पाटीवर लिहू लागला. त्याचं लिहिणं फार हळू. मी समोर बसून होतो. फार अवघड गेलं ते. पाटी फिरवली, तर तिच्यावर एवढंच होतं:

'पहिल्यांदाच वाट बघितलीस, मी काय म्हणतोय त्याची.'

मला राग आला. मग राग कुठे गेला, कळलं नाही. मी विचारलं, "तुला कधी थांबायचं होतं?"

त्याने पुसलं. लिहिलं.

'नवव्या वर्षी.'

अकरा वर्षं! मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडून नाही. पाटीवर काहीच लिहिलं नाही त्याने. त्याने लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना त्याने मला बाहीला धरून थांबवलं आणि लिहिलं, 'ओरिबेला विचारलंस का?'

१३ डिसेंबर

ओरिबेला विचारलं. कॉफीच्या दुकानात नेलं, आणि म्हटलं, "तुला हे खरंच करायचंय का? खरं सांग. मी थांबतो."

त्याला थांबावं लागलं नाही. "करायचंय," तो म्हणाला. "सात वर्षं मी माझ्याच आवाजात गायलो, समोर तीस-चाळीस माणसं. तुमच्याकडे तीन हजार आहेत. तोंड हलवायला माझं काय जातं?"

"नऊ वर्षांनी कळेल."

"तेव्हा बघू, सर."

चांगला मुलगा आहे. त्याला अडवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याने विचारलं, "तुम्ही असाल ना?"

माझ्या तोंडून आलं, "नाही." मी ठरवलेलं नव्हतं. निदान मला तरी माहीत नव्हतं.

१६ डिसेंबर

आरिमाबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हादरतील. निदान थांबा म्हणतील. दौरा रद्द होईल, मग बोलणी होतील, असा माझा अंदाज.

त्यांनी चहा मागवला. "वाईट वाटतं," म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण काळजी करू नका. गिटारचीही सगळी रेकॉर्डिंग आहेत आमच्याकडे. तुम्हीच किती व्यवस्थित ठेवलीत! आणि तुमच्या वेशाची मापं शिंप्याकडे आहेतच."

एका कागदावर सही केली. गाणी त्यांची, नाव त्यांचं, स्टेजवर माझं जे नाव होतं तेही त्यांचं. मार्चमध्ये चौदा गावांत झगे घातलेली माणसं उभी राहतील, मित्सुरु गाईल, मी वाजवीन, आणि आम्ही दोघंही तिथे नसू. बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा कुठल्या बाजूला जायचं, ते सुचेना. वीस वर्षं गाडी दाराशी यायची.

शिबाहारासरांना आभाराचं पत्र लिहायला घेतलं. अर्धवट ठेवलं.

१७ डिसेंबर

अमागासाकी. न्हाणीघर दुपारी तीनला उघडतं, मी अडीचला पोचलो. मित्सुरु आत फरशी घासत होता. मला बघून त्याने दुसरा ब्रश पुढे केला. आम्ही दोघांनी मिळून बायकांची बाजू घासली, मग पुरुषांची. माझी कंबर मोडली.

मग तो ओट्यावर बसला, घड्याळाकडे बघितलं, आणि बोलला.

"डॉक्टरांनी दिवसाला एकच मिनिट दिलंय."

मी त्या आवाजाला तयार नव्हतो. जाड, खालचा, कडेला थोडा फाटलेला. एखाद्या अनोळखी माणसाने मित्सुरुच्या तोंडून बोलावं तसा. तो वर जाणार नाही, हे ऐकताक्षणी कळत होतं.

"सोडलं मी," मी म्हटलं.

"ऐकलं. काजितानीने सांगितलं." मग माझ्या डोक्याकडे बघून, चक्क बाजारातल्या बोलीत, "अरे ए, टक्कल पडलंय तुला. विगाखाली कधी दिसलंच नाही."

मी हसलो. तोही हसणार होता, पण घशाला हात लावून थांबला. अजून चाळीसेक सेकंद उरले होते. "बोल ना," मी म्हटलं, "मी थांबतो."

त्याने मान हलवली. त्याला काही बोलायचं नव्हतं. बाहेर आजीबाई दार वाजवायला लागल्या होत्या, "मित्सुरु, तीन वाजले!" आणि आम्ही ओल्या फरशीवर पाय सोडून, ते मिनिट संपेपर्यंत तसेच बसून राहिलो.